पहिला डीएसएलआर घेताना

पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) म्हणून कॅनन १५००डी घ्यावा की निकॉन डी३५००, असे तुम्ही विचारले आहे. तुमचे अंदाजपत्रक मर्यादित असल्यामुळे या दोनच कॅमेऱ्यांचा विचार तुम्ही करत आहात, हे योग्यच आहे. दोन्ही २०१८ सालचे असून दोन्हींचे सेन्सर (प्रकाश टिपणाऱ्या चिप) सुमारे २४ मेगापिक्सेलचे आहेत, त्यामुळे मेगापिक्सेलच्या तुलनेत वेळ घालवू नये. खरा फरक वापरताना जाणवतो. निकॉन सेकंदाला ५ छायाचित्रे टिपतो, कॅनन ३. शिवाय एका चार्जिंगमध्ये निकॉनची बॅटरी अधिकृत मोजणीनुसार १,५५० छायाचित्रांपर्यंत पुरते, तर कॅननची ५००पर्यंत. लेकराबाळांचे किंवा पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तर माझा कौल निकॉनला आहे.

मात्र निकॉनच्या या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस मोटर (लेन्सचा फोकस आपोआप जुळवणारी मोटर) नाही. त्यामुळे ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, उदाहरणार्थ ५० मिमी एफ/१.८डी, ती स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर फोकस हातानेच करावा लागतो. अशी लेन्स घेण्याची चूक मी सुरुवातीला केली होती! कॅननच्या ईएफ या ऑटोफोकस मालिकेतील सर्व लेन्समध्ये मोटर असल्याने तेथे ही अडचण येत नाही, आणि त्यांची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही लेन्स व्यक्तिचित्रांसाठी किमतीच्या मानाने उत्तम आहे.

डी३५००चे उत्पादन थांबलेले असल्याने तो बहुधा जुनाच घ्यावा लागेल. तेव्हा विक्रेत्याकडून त्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची मूळ जेपीईजी फाइल मागून तिच्यातील शटर काउंट (शटर आतापर्यंत किती वेळा उघडले, तो आकडा) अवश्य तपासावा.