‘पत्र येईलच’ एवढ्यावर अर्ज टाकू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जर्मनीच्या पूर्व सीमेवरच्या गोर्लिट्झमध्ये मुलांना जुन्या सायकली दुरुस्त करायला शिकवणारी तुमची छोटी संस्था, नदीपलीकडे पोलंडमधल्या झ्गोझेलेत्सची शाळा सोबत यायला तयार, इंटररेगच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्य निधीच्या, अर्जाला पाच आठवडे उरलेत, आणि स्वहिश्श्यातला मोठा भाग एका सरकारी कार्यालयाकडून यायचाय. तिथले साहेब म्हणतात, ‘तत्त्वतः मान्य आहे, पत्र येईलच.’ तुम्ही विचारलंय की अर्जात नेमकं काय लिहिलं म्हणजे तो मंजूर होतो, आणि मुख्य भागीदार तुम्ही व्हावं की शाळेनं.

अर्जात काय लिहायचं ते कार्यक्रमाच्या पुस्तिकेत आहे, ते तुम्ही वाचालच. मला त्या ‘पत्र येईलच’बद्दल बोलायचंय. आमचा सगळा प्रकल्प त्यावर बुडाला.

आधीच सांगते, मी सल्लागार नाही, वकील नाही. माझा अनुभव जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरचा आहे. पोलंड-सॅक्सनी कार्यक्रमाचे बारीक नियम वेगळे असतील, ते त्या कार्यक्रमाच्या सचिवालयाला लेखी विचारून घ्या. पण कार्यालयं सगळीकडे सारखीच वागतात, असं माझं ठाम मत झालंय.

आमच्या भागात एक लहान नदी आहे. जर्मनीतल्या आखन शहराच्या हद्दीला लागून बेल्जियममध्ये उगम पावते आणि नेदरलँड्समध्ये जाऊन मास नदीला मिळते. जर्मन बोलणारे तिला ग्योल म्हणतात, फ्रेंच बोलणारे ग्युल, आणि डचमध्ये खेउल. जुलै २०२१ मध्ये तिला जो पूर आला त्यात खालच्या अंगाचं फाल्केनबुर्ख पाण्यात गेलं. मी राहते वरच्या अंगाला. त्या दिवशी दुपारीच ओढ्याचं पाणी गढूळ होऊन पुलाच्या कमानीपर्यंत चढलेलं आम्ही पाहिलं होतं. पण खाली कोणाला कळवायचं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मी मूळची सांगलीची. पावसाळ्यात आमच्या घरात सकाळी पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलंय. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती साठलं, हे भाजीवालीलाही ठाऊक असतं. इथं एवढ्या श्रीमंत देशांत एका नदीचे तीन शेजारी एकमेकांना फोन करू शकले नाहीत, हे मला सहनच होईना.

त्यातून प्रकल्प सुचला. तिन्ही बाजूंच्या शाळांनी नदीवर साध्या मोजपट्ट्या लावायच्या, पोरांनी रोज पातळी लिहायची, तिन्ही भाषांत एकच तक्ता आणि एकच फोनसाखळी. एकूण खर्च २,४०,००० युरो. त्यातले ८० टक्के, म्हणजे १,९२,००० कार्यक्रमाकडून मागायचे. उरलेल्या ४८,००० पैकी १८,००० आम्ही तीन संस्था मिळून घालणार होतो आणि ३०,००० एक सार्वजनिक कार्यालय देणार होतं. ते कार्यालय तीनपैकी कोणत्या देशातलं, ते मी लिहिणार नाही.

स्वहिस्सा म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. गावच्या पाणीयोजनेला दहा टक्के लोकवर्गणी जमवताना आपण आपल्या वडीलधाऱ्यांना पाहिलेलं असतं. पण गावात वर्गणीचा पैसा डोळ्यांसमोर पेटीत पडतो. इथं तो कागदावर असतो, आणि त्या कागदात एक शब्द असतो.

आम्ही कार्यालयात सप्टेंबरात गेलो. अधिकारी बाई मनापासून खूश झाल्या, कॉफी दिली, म्हणाल्या, हा तर आमच्याच धोरणाचा विषय. ऑक्टोबरात फोन केला तर ‘पत्र येईलच’. नोव्हेंबरात दोन ईमेल केले, उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आलं, ‘फाइल वरती आहे.’ तोवर मी अडीच महिने उद्दिष्टं, निर्देशक, कामाचे टप्पे, अंदाजपत्रक हेच घासत बसले होते. मोजपट्टीच्या फळीवर सेंटिमीटरच्या रेघा लाल असाव्यात की काळ्या, इथपर्यंत आमच्या चर्चा झाल्या. पत्राचा मसुदा मागून घ्यावा, हे मात्र एकदाही सुचलं नाही. मोठी चूक तीच, आणि ती माझी.

पत्र आलं शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. लेटरहेड, शिक्का, सही, रक्कम, सगळं होतं. मी डोळे भरून पाहिलं आणि तसंच प्रणालीत चढवलं. तिसऱ्या ओळीत ‘फोरबेहाल्टलिष’ असा शब्द होता, तो मी वाचलाही होता. आपल्या सरकारी मराठीत ‘अधीन राहून’ म्हणतात ना, तोच. अंदाजपत्रकाच्या मंजुरीच्या अधीन राहून ३०,००० युरो. मला वाटलं, कार्यालयांची भाषा अशीच असते, शेवटी एक वाक्य टाकतात.

सहा आठवड्यांनी कळलं की अर्ज छाननीतच अडकलाय. स्वहिस्सा निश्चित नाही, दहा कामाच्या दिवसांत बिनशर्त पत्र द्या. मी त्याच दिवशी कार्यालयात जाऊन बसले. तिथं पहिल्यांदा मला खरी परिस्थिती सांगितली. त्यांचं नव्या वर्षाचं अंदाजपत्रक परिषदेत मंजूरच झालेलं नव्हतं. ते होईपर्यंत कायद्यानं बंधनकारक तेवढाच खर्च करता येतो, आमच्यासारख्यांना द्यायची मदत ऐच्छिक खर्चात मोडते, आणि ऐच्छिक खर्चाचं नवं वचन त्या काळात कोणीही सही करून देऊ शकत नाही. हे त्यांना सप्टेंबरातही माहीत होतं. परिषदेच्या बैठकांचं वेळापत्रक तर त्यांच्या भिंतीवर लावलेलं होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर आम्ही पुढच्या फेरीपर्यंत थांबलो असतो किंवा दुसरीकडून पैसे उभे केले असते.

मला राग नकाराचा नाही. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे. राग या गोष्टीचा आहे की चार महिने गोड बोलून त्यांनी तीन देशांतल्या बावीस माणसांचे संध्याकाळचे तास खाल्ले. पलीकडची एक शिक्षिका निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती, तिनं शेवटचं वर्ष या कामाला दिलं होतं. अर्ज गुणवत्तेसाठी कोणी वाचलाच नाही. पोरांनी रंगवलेल्या अकरा फळ्या दीड वर्ष शाळेच्या सायकल शेडमध्ये उभ्या होत्या.

तेव्हा तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, त्यातला पहिला आठवडा फक्त पत्रासाठी द्या. साहेबांना ‘पत्र कधी’ विचारू नका. त्याऐवजी हे विचारा: सही कोणाची लागते? त्यासाठी परिषदेचा किंवा समितीचा ठराव लागतो का? ती बैठक कधी आहे? तुमचं अंदाजपत्रक मंजूर झालंय का? आणि आजच पत्राचा मसुदा पाठवता का? कार्यक्रमाचा ठरलेला नमुना असेल तर तोच द्या, त्यांच्या शब्दांत लिहू देऊ नका. मसुद्यात ‘अधीन राहून’, ‘उपलब्धतेनुसार’, ‘तत्त्वतः’ असं काहीही दिसलं तर ते पत्र नाही असंच समजा. बैठक अंतिम तारखेनंतर असेल तर माझं स्पष्ट मत, ही फेरी सोडा. लोक म्हणतील टाकून तर बघा. मीही टाकूनच बघितलं होतं. मात्र पुढची फेरी आहे की नाही ते सचिवालयाला आधी विचारा. २०२१-२७ च्या कार्यक्रमांतला पैसा बऱ्याच ठिकाणी संपत आलाय आणि ३१ डिसेंबर २०२९ नंतर केलेला खर्च त्यांत धरला जात नाही.

मुख्य भागीदार तुम्ही होऊ नका, नऊ जणांच्या संस्थेनं तर मुळीच नाही. मुख्य भागीदाराच्या नावावर पैसा येतो, तो पुढे वाटायचा, सगळ्यांचे अहवाल गोळा करायचे, आणि कार्यक्रमाच्या दारात उत्तर द्यायला उभं राहायचं तेही त्यानंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा पैसा परताव्यानं मिळतो. आधी तुम्ही खर्च करायचा, मग तुमच्या देशातला तपासनीस बिलं तपासणार, मग मुख्य भागीदार एकत्र मागणी करणार, मग पैसे. यात महिने जातात. उचल मिळेल असं गृहीत धरू नका. पगार द्यायचा असेल तर किमान वर्षभराची रक्कम खात्यात हवी किंवा बँकेची लेखी सोय हवी.

शाळेला एक गोष्ट आत्ताच सांगा. त्यांचा खर्च झ्लॉटीत होणार आणि हिशेब युरोत. रूपांतराचा दर युरोपीय आयोगाचा मासिक दर असतो, तोही खर्च तपासणीला दिला त्या महिन्याचा, बिल भरलं त्या दिवसाचा नाही. दर हलला तर फरक त्यांच्या खिशातून जातो. शाळेच्या हिशेबनीसाला हे आधी कळलं तर नंतर भांडण होत नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘सहा कार्यशाळा इकडे, सहा तिकडे.’ हे मला खटकलं. असे दोन प्रकल्प शेजारीशेजारी ठेवले की परीक्षकाला ते लगेच दिसतं. नियमानुसार आखणी आणि अंमलबजावणी दोन्ही एकत्र हवी, शिवाय माणसं किंवा पैसा यांपैकी निदान एक सामायिक हवं. गोर्लिट्झची पोरं पूल ओलांडून झ्गोझेलेत्सला जाऊन तिथल्या पोरांबरोबर एकच सायकल जुळवतात, असं काहीतरी लिहा. मध्ये फक्त नायसे नदी आहे, चालत जाता येतं. तुमच्याइतकी सोय आम्हाला नव्हती.

स्वयंसेवकांचे तास स्वहिश्श्यात धरता येतील का, हे कार्यक्रमागणिक बदलतं. कोणी फोनवर ‘हो’ म्हणालं तर ईमेल मागा.

आणि खरं सांगू, तुमचं काम मोठ्या प्रकल्पांच्या अर्जफेरीचं वाटत नाही. सीमेवरच्या बऱ्याच कार्यक्रमांत लहान प्रकल्पांसाठी वेगळा निधी असतो. १,००,००० युरोपर्यंत सार्वजनिक मदत असलेल्या लहान प्रकल्पाला तिथं सरसकट दरानं किंवा एकरकमी हिशेब लावणं नियमानंच सक्तीचं आहे, त्यामुळे प्रत्येक स्क्रूची पावती जपावी लागत नाही. मोठ्या अर्जातही सरसकट दर असतात. पगाराच्या ४० टक्क्यांत बाकीचा सगळा खर्च बसवण्याचा पर्याय पुष्कळ लोक डोळे मिटून घेतात. पण तुमच्याकडे अवजारं आणि सुटे भाग जास्त, पगार कमी. आधी गणित करून बघा, मला वाटतं तुम्हाला तो तोट्यात जाईल.

आम्ही शेवटी लहान निधीतूनच उभे राहिलो. तिघांऐवजी दोघं, अकराऐवजी चार मोजपट्ट्या. या वेळी पत्र अर्जाच्या सात आठवडे आधी हातात होतं आणि मी त्यातला शब्द न् शब्द डच आणि जर्मन दोन्ही जाणणाऱ्या एका मैत्रिणीकडून मोठ्यानं वाचून घेतला. पहिली फळी शाळेजवळच्या पुलाला लावली तेव्हा रेघा लालच ठेवल्या, काळ्या रेघा गढूळ पाण्यात दिसत नाहीत. खालच्या गावातला एक शिक्षक आता पाऊस लागला की संध्याकाळी मला विचारतो, ‘किती सेंटिमीटर?’ मी सांगते, आणि मग सांगलीला फोन लावते.

उद्या सोमवार आहे. सकाळीच फोन करून त्यांच्या बैठकीची तारीख घ्या. पत्राचा मसुदा मिळाला की नावं झाकून इथं टाका, मी वाचून सांगते.