ब्रेक डिस्कचा खर्च कोणी सोसायचा?

मुलुंडच्या एका वाचकांच्या तीन वर्षांच्या गाडीचे स्टिअरिंग वेगात ब्रेक दाबला की थरथरते. पुढच्या दोन्ही डिस्क वाकल्याचे सांगून सर्व्हिस सेंटरने पॅडसह 14,000 रुपयांचे एस्टिमेट दिले असून वाढीव वॉरंटी नाकारली आहे. विम्यातून काही मिळेल का, की हा खर्च क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर टाकावा, अशी त्यांची विचारणा आहे.

विम्याची आशा सोडावी. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत, झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारे वाढीव संरक्षण) घेतले असले तरीही.

वॉरंटीचा निकाल मात्र बिघाडाच्या कारणावर लागतो. उष्णतेने डिस्क खरोखर वाकते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा पॅडचा थर तिच्यावर कमी-अधिक बसलेला असतो, किंवा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावर, गंज राहिल्याने अथवा चाकाचे नट असमान आवळले गेल्याने ती किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरांत तिची जाडी जागोजागी बदलते. खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरऐवजी ब्रेकवरच उतरून, पायथ्याशी पॅड तापल्या डिस्कवर दाबून उभे राहण्याची सवयही याला हातभार लावते. पॅड आणि डिस्क झिजणारे भाग म्हणून सहसा वॉरंटीबाहेर असतात. हब किंवा बेअरिंग सदोष निघाले, तर ते वाढीव वॉरंटीत बसू शकते.

म्हणून डिस्क काढण्यापूर्वी तिचा डोल, म्हणजे फिरताना ती आडवी किती हलते ते, डायल गेज या मापकाने मोजून, तिची जाडी आणि हबचा डोल यांसह, जॉबकार्डवर लिहून घ्यावा. डिस्क भंगारात गेल्यावर पुरावा उरत नाही, आणि दोष हबमध्ये असेल तर नव्या डिस्कही तशाच होऊन हाच खर्च पुन्हा पडेल. दोन महिन्यांपूर्वी आपण बाहेर टायर बदलल्याचे लिहिले आहे; नट तेव्हाच असमान आवळले गेले म्हणून कंपनी त्याकडे बोट दाखवील, पण टायरवाल्याकडून भरपाई मिळवणे पुराव्याअभावी कठीण दिसते.

लेथवर घासल्यानंतरही डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पुरेशी जाड राहणार असेल, तर तो स्वस्त पर्याय मला मान्य आहे. अन्यथा आपत्कालीन निधीतून रोख भरावे. ‘नो कॉस्ट’ ईएमआयलाही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील 18 टक्के जीएसटी चिकटतो. हबचा दोष नोंदवूनही वॉरंटी नाकारली, तर लेखी कारण मागून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करावी; एवढ्या रकमेसाठी वकील मात्र परवडणार नाही.