क्यू शाबूत, नोंदी गायब

प्रश्न : आमच्या दूध संघाची ४६ संकलन केंद्रं आहेत. दूध मोजलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांची नोंद रॅबिटएमक्यूवर (नोंदी रांगेत, म्हणजे क्यूत, धरून पुढे देणारा प्रोग्राम) येते आणि तिथून हिशेबाच्या डेटाबेसमध्ये जाते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी हिशेबाचा प्रोग्राम बंद होता, म्हणून नोंदी क्यूत साठल्या होत्या. तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. सर्व्हर आल्यावर डॉकर (रॅबिटएमक्यू त्यातल्या कंटेनरमध्ये, म्हणजे एका वेगळ्या डब्यात, चालतो) डाऊन करून अप केलं. क्यू जागेवर होती, आत काहीच नव्हतं. सव्वादोनशे नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा भरल्या. क्यू ड्युरेबल (सर्व्हर बंद पडला तरी टिकणारी) केलेली होती, मग चुकलं कुठे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ‘क्यू जागेवर होती’ या वाक्यावर मी अडखळलो. ती जुनीच होती कशावरून? जोडणी झाल्यावर क्यू नसेल तर बहुतेक प्रोग्राम स्वतःच नवी काढतात. नवीही त्याच नावाची असते, फक्त रिकामी.

रॅबिटएमक्यू आपला संसार मांडतो तो मशिनच्या नावाच्या फोल्डरमध्ये. डॉकरला होस्टनेम (मशिनचं नाव) दिलं नाही तर कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं हेच त्याचं नाव होतं. डाऊन-अप केलं की कंटेनर नवा, नाव नवं, फोल्डरही नवं. व्हॉल्यूम (कंटेनर पुसला तरी राहणारी डिस्कवरची जागा) अगदी नीट जोडलेलं असलं तरी. व्हॉल्यूममधलं म्नेसिया फोल्डर उघडा. आत ‘रॅबिट’पुढे अगम्य आकडे-अक्षरं असलेली दोन-चार फोल्डरं दिसली, तर जुना माल तिथेच पडलेला असू शकतो. एका कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदी अशाच ‘गेल्या’ तेव्हा मी दुपारभर बॅकअप धुंडाळत होतो आणि नोंदी शेजारच्या फोल्डरात निवांत होत्या. कंटेनरला जुनंच नाव होस्टनेम म्हणून दिलं, सुरू केला, सगळ्या परत आल्या. तेव्हापासून होस्टनेम लिहिल्याशिवाय मी कंपोज फाइल (डॉकरच्या सेटिंगची फाइल) बंद करत नाही.

तिथे एकच फोल्डर निघालं, किंवा जुन्या नावानेही क्यू रिकामीच आली, तर दुसरं कारण. ड्युरेबल म्हणजे वही टिकते, वहीतला मजकूर टिकेलच असं नाही. प्रत्येक मेसेज, म्हणजे तुमची नोंद, पाठवताना त्यावर डिलिव्हरी मोड २ लावावा लागतो, तरच तो पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर लिहिला जाणारा. तुमच्या केंद्रावरच्या प्रोग्राममध्ये ते बहुधा नाही. क्वोरम क्यू (क्यूचाच दुसरा प्रकार) वापरली तर ही भानगड उरत नाही, ती सगळंच डिस्कवर लिहिते. मात्र असलेल्या क्यूचा प्रकार बदलता येत नाही. त्याच नावाने वेगळ्या सेटिंगची क्यू मागितली तर ४०६ची एरर तोंडावर येते. नव्या नावाची काढा, जुनी रिकामी होऊ द्या, मग पुसा.

आता खरं दुखणं. केंद्रावरचा संगणक नोंद पाठवतो आणि विसरून जातो, हो ना? पर्सिस्टंट मेसेजही पोचल्या क्षणी डिस्कवर जात नाही; थोडे साठवून एकदम लिहिले जातात. त्या मधल्या क्षणात लाइट गेली की संपलं. यासाठी पब्लिशर कन्फर्म चालू करा. ही रजिस्टर एडीची पोच समजा. मेसेज पर्सिस्टंट असेल तर तो डिस्कवर गेल्यावरच ती येते. पोच येईपर्यंत नोंद केंद्रावरच्या एसक्यूलाइटच्या (छोटा, एका फाइलीतला डेटाबेस) टेबलात राहू द्या. एकेका नोंदीसाठी थांबून राहू नका, रांग लागेल आणि बायामाणसं कॅन घेऊन ताटकळतील. पाठवत राहा, पोच येईल तशी खूण करा.

पोच वाटेत हरवली तर तीच नोंद दुसऱ्यांदा जाईल आणि दहा दिवसांच्या बिलात एकाच कॅनचे दोनदा पैसे निघतील. केंद्र, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि सभासद क्रमांक एवढ्यावर नोंद वेगळी ओळखायला जाऊ नका. एकच सभासद म्हशीचं आणि गाईचं दूध एकाच वेळी घालतो. पावती क्रमांकही जोडा आणि डेटाबेसमध्ये या सगळ्यांवर मिळून युनिक अट लावा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घेतली जाणार नाही. हिशेबाच्या बाजूला ऑटो ॲक (मेसेज हाती पडताच आपोआप ‘मिळाला’ म्हणणं) असेल तर काढून टाका. डेटाबेसमध्ये कमिट, म्हणजे पक्की नोंद, झाल्यावरच ॲक.

डिस्क फ्री लिमिट (डिस्कवर किमान मोकळी हवी ती जागा) मुळात फक्त ५० एमबी असते, ती २ जीबी करा. जागा त्याखाली गेली की सर्व्हर पाठवणाऱ्यांना अडवून धरतो आणि केंद्रावर नुसतं ‘लटकलंय’ असं वाटतं.

तीन सर्व्हरचा क्लस्टर (एकत्र काम करणारा गट) घ्यावा का, असं पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. क्वोरम क्यू तीनपैकी एक गेला तरी चालते, दोन गेले की थांबते. तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर असतील तर पैसे वाया. ४६ केंद्रांना एक मशिन, बरा एसएसडी आणि नव्या बॅटरीचा यूपीएस पुरे.

हे सगळं झालं की चाचणी घ्या. डॉकर किल करून (कंटेनर जबरदस्तीने बंद पाडून) ती होत नाही, कारण प्रोसेस मेली तरी डिस्कवर जायची बाकी असलेली पानं ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेमरीत जिवंत असतात आणि पुढे लिहिली जातात. चाचणीच्या मशिनवर क्रमांक घालून १००० नोंदी पाठवायला लागा आणि मध्येच भिंतीवरचा प्लग ओढा. मशिन आल्यावर दोन याद्या समोरासमोर ठेवा : कुणाची पोच आली होती आणि क्यूत कोण आहे. पोच न आलेल्या नोंदी क्यूत असोत नसोत, त्या केंद्राकडून पुन्हा येतीलच. पोच आलेली एक जरी क्यूत नसेल तर कॉन्फिगरेशन सोडून डिस्कच्या राइट कॅशकडे (लिहिण्याआधी डिस्क माहिती तात्पुरती धरून ठेवते ती मेमरी) वळा.