दस्तुरीच्या पुढे गाडी का नाही?

प्रश्न : दिवाळीनंतर आईला घेऊन माथेरानला जायचा बेत आहे. तिने सत्तरी ओलांडलीय, गुडघे पार गेलेत. आमची स्वतःची गाडी आहे, पण दस्तुरी नाक्यालाच उतरावं लागतं म्हणे. हातरिक्षाही बंद होणार असं ऐकलं. जास्तीचे पैसे भरायची तयारी असली तरी म्हाताऱ्या माणसाला गाडीने का नेऊ देत नाहीत? आणि मग न्यायचं कसं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पैसे भरूनही नेऊ देणार नाहीत, तेव्हा तो विचार आधी सोडा. दस्तुरीच्या पुढे रुग्णवाहिका जाते, अग्निशमनाची गाडी जाते; तुमची-माझी नाही. गावात मोटार नको हा दंडक जुनाच. पण ४ फेब्रुवारी २००३ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि त्या दंडकाला दिल्लीचा शिक्का बसला. तेव्हापासून तो नगरपरिषदेच्या हातात राहिलेला नाही, आणि कुणाच्या ओळखीने वाकतही नाही. नाक्यावर मोबाइल काढून ‘साहेबांशी बोला’ म्हणणारे मी खूप पाहिलेत. सगळे शेवटी चालतच वर गेले.

मी ठाण्याहून ज्येष्ठांच्या सहली काढायचे. दस्तुरीला उतरताना कुरकुरणारी मंडळीच संध्याकाळी बाजारात चिक्की घेताना ‘एक हॉर्न नाही हो दिवसभरात!’ म्हणून खूश व्हायची. त्यामुळे बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. गाडी बंद हे कागदावर आलं, पण गाडीच्या जागी काय, हे ठरवायची सरकारला कधी घाईच नव्हती. दस्तुरी ते बाजार ही अडीच-तीन किलोमीटरची लाल मातीची चढ-उताराची वाट घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या दंडांवर टाकून सगळे मोकळे झाले.

हातरिक्षा तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. पुढे एक जण दांड्यात, चढाला मागून एक-दोघं ढकलायला. पावसाळ्यात मातीचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. आत बसलेल्या आजींनाच अवघडल्यासारखं होई. आमच्या सहलीतल्या एक बाई तर निम्म्या वाटेत उतरल्या, ठरलेलं पूर्ण भाडं त्या माणसाच्या हातात ठेवलं आणि काठी टेकत त्याच्या बरोबरीने चालू लागल्या. तोही बिचारा रिकामी रिक्षा ओढत शेजारून.

यावर उपाय सरकारने काढला नाही, हे लक्षात ठेवा. हातरिक्षा ओढणाऱ्यांची संघटनाच न्यायालयात गेली : आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या. बॅटरीवरचं असलं तरी वाहन ते वाहनच, त्यामुळे २००३च्या अधिसूचनेत ते बसेना. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगापुरती परवानगी दिली आणि ५ डिसेंबर २०२२ला सात ई-रिक्षा सुरू झाल्या. सगळ्यात आधी सुटका झाली ती शाळेच्या पोरांची. दप्तर पाठीला लावून ती रोज तीच वाट तुडवत होती. घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांची बाजूही मी उडवून लावणार नाही, घोड्याचा चारा-खरारा काही चुकत नाही. मग न्यायालयाने ई-रिक्षांवर २०ची मर्यादा घातली, त्याही हातरिक्षावाल्यांनाच द्यायच्या. शनिवार-रविवारची झुंबड ज्याने पाहिलीय त्याला वीस हा आकडा किती तोकडा ते कळेल.

आता पुढची गोष्ट. ६ ऑगस्ट २०२५ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा. म्हणजे मुदत होती फेब्रुवारी २०२६पर्यंत. सायकलरिक्षावाल्यांच्या बाबतीत न्यायालयाने १९८०मध्येच जे बजावलं होतं, ते पंचेचाळीस वर्षांनंतर पुन्हा सांगावं लागतंय, याची जाणीवही करून दिली. गुजरातेत केवडियाला जशी योजना आहे, तशी राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला हरकत नाही, पण आतल्या वाटांवर आणि पॉइंटांकडे नाही, ब्लॉकखाली काँक्रीटही नाही. हे मला फार पटलं. एकदा आत गुळगुळीत रस्ता झाला, की ‘आता गाडीच सोडा’ म्हणणारे रांगेत उभे राहतील.

आईसाठी सांगायचं तर गाडी दस्तुरीच्या वाहनतळावर लावा आणि अमन लॉज स्टेशनवरून मिनीट्रेनची शटल घ्या. स्टेशनपर्यंत थोडं चालणं आहे, तेवढ्यापुरता हमाल करून सामान त्याच्याकडे द्या आणि आईचा हात तुम्ही धरा. शटल थेट बाजाराजवळ सोडते. ई-रिक्षा मिळाली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर राहू नका. शनिवार-रविवार टाळा, आणि खोली बाजाराजवळ घ्या. दूरच्या बंगल्यातली खोली स्वस्त दिसते. पुढचं भाडं घोड्याला जातं.

प्रश्न : मिनीट्रेन पावसाळ्यात का बंद असते? धबधबे तर तेव्हाच असतात!
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : धबधबे असतात तसे दगडही असतात. दरडींच्या भीतीने साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात. वरची शटल चालू असते. जुलै २००५च्या प्रलयात हा मार्ग वाहून गेला तो २००७मध्ये परत सुरू झाला. २०१९च्या पावसाने पुन्हा उखडला, तो थेट ऑक्टोबर २०२२मध्ये रुळावर आला. १९०७मध्ये पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने दोन फुटी रूळ टाकून ही गाडी डोंगरावर नेली होती. आज रूळ रेल्वेचे, प्रवासी कर नगरपरिषदेचा, टॅक्सीचा परवाना आरटीओचा आणि ई-रिक्षांची परवानगी न्यायालयाची. एका छोट्या सहलीला एवढे धनी!

प्रश्न : दस्तुरीला एकाने सांगितलं, शटल आज बंद आहे, घोडाच करावा लागेल. चार घोडे केले. वाटेत शटल शिट्टी मारत शेजारून गेली. दाद कुणाकडे मागायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही एकटे नाही. असल्याच फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५मध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं. पर्यटक परत जाऊ लागले तर पोट त्यांचंच जातं. नगरपरिषदेकडे आणि माथेरान पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. घोडा करताना त्याचा नंबर टिपून घ्यायची सवय लावा, नंबराशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. आणि पुढच्या वेळी गाडीतून उतरल्याबरोबर कुणाशीही न बोलता अमन लॉजची तिकीट खिडकी गाठा. शटल आहे की नाही, ते खिडकीतला माणूसच सांगेल.