ग्रहणात माझ्याकडून काकडी चिरली गेली, पाचवा महिना चालू आहे, बाळाच्या ओठाला काही होईल का? सासूबाई म्हणतात, ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, आता जे होईल ते तुझ्या कर्माने.

काही होणार नाही. आज रात्री शांत झोप.

7 सप्टेंबर 2025 चं चंद्रग्रहण रात्री दहाच्या सुमारास लागलं आणि दीडच्या आसपास सुटलं. मध्येच तुला भूक लागली म्हणून तू काकडी चिरलीस. पाचव्या महिन्यात रात्रीची भूक लागणारच. बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो, टाळू साधारण नवव्या आठवड्यापर्यंत. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. तू सुरी हातात घेतलीस तेव्हा तो ओठ कधीच तयार झाला होता. सासूबाईंना एवढंच सांग.

पण त्या तुला "आता जे होईल ते तुझ्या कर्माने" असं म्हणाल्या हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं, कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

25 ऑक्टोबर 2022. सोमवारी लक्ष्मीपूजन झालं, पाडवा-भाऊबीज बुधवारी, आणि मधल्या मंगळवारी सूर्यग्रहण. मला सातवा महिना. गरोदरपणातली साखर निघाली होती, पथ्याने भागलं नाही म्हणून इन्सुलिन चालू होतं. आम्ही साताऱ्याला, आणि दिवाळीला आत्येसासूबाई कराडहून आलेल्या. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, त्यामुळे घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

पहाटेपासून त्यांनी घर ताब्यात घेतलं. फराळाच्या प्रत्येक डब्यात तुळशीचं पान. मग लोखंडी ट्रंक काढली आणि घरातलं धारेचं, टोकाचं सगळं तीत गेलं: विळी, सुऱ्या, किसणी, सोलाणं, करंज्यांचं कातणं, कात्री, सुईदोऱ्याचा डबा, नेलकटर, सासऱ्यांचा वस्तरा. शेवटी माझा साखर तपासायचा निळा पाऊच, कारण त्यात सुई असते. ट्रंकेला कुलूप, किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. मला चटईवर बसवलं. आडवं व्हायचं नाही, मांडी घालायची नाही, खाजवायचं नाही, काही खायचं नाही, पाणीही नाही, आणि सुटेपर्यंत लघवीलासुद्धा उठायचं नाही.

मी पंचांग आणून दाखवलं. ग्रहणाचे वेध गरोदर बायकांनी, मुलांनी, आजाऱ्यांनी कमी वेळ पाळावेत असं पंचांगच सांगतं. ग्रहण तर पाचच्या सुमाराला लागणार होतं. आत्याबाई म्हणाल्या, "पंचांगवाल्याला कुठे बाळंत व्हायचंय?"

सकाळचं इन्सुलिन घेतलेलं होतं. ते घेतल्यावर दुपारचं जेवण ठरल्या वेळी पोटात जायलाच हवं, आणि त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं. दीडच्या सुमारास हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरची अक्षरं हलायला लागली. मी पाऊच मागितला. आत्याबाई म्हणाल्या, "सुई टोचलीस तर पोराच्या अंगाला भोक पडेल." नवरा दारात उभा होता. म्हणाला, "आत्या वर्षातून एकदा येते, आजचा दिवस धर ना." नवऱ्यांनी अशा वेळी बायकोकडे बघावं, आत्याकडे नाही. हे मी त्याला तेव्हा सांगितलं आणि आजही सांगते.

सासूबाई देवघरातून उठून आल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून नणंदेला त्यांनी उलट शब्द केला नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "वन्सं, किल्ली द्या."

"वहिनी, तुमच्या सुनेचं जे होईल ते तिच्या कर्माने."

"होऊ दे. किल्ली द्या."

साखर 58 निघाली. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं. सासूबाईंनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत पाहिलं, मग वरणभात आणि पोळी समोर बसून खाऊ घातली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी संध्याकाळी पुन्हा पाहायला सांगितलं, म्हणून सूर्य ग्रासलेला असताना मी परत बोट टोचलं. त्या दिवशी तो तसाच मावळला.

मुलगी जानेवारीत झाली. ओठ, टाळू, बोटं, सगळं धडधाकट. बारशाला आत्याबाई आल्या, पाळण्याजवळ बसल्या, आणि दुपटं सोडून तिचं एकेक बोट उजेडाकडे धरून पाहिलं. हातांना काही सापडलं नाही. मग पायाच्या टाचेवर लाल ठिपका दिसला. "ही बघा सुईची खूण!" सगळ्या बायका बघायला आल्या.

सुईची खूणच होती ती. आईला साखर असली की जन्मल्यावर बाळाची साखर तपासतात, आणि रक्त टाचेतून काढतात. नर्सने माझ्यासमोर काढलं. बारशानंतर चार दिवसांत खूण गेली. आत्याबाई मात्र अजून लग्नामुंजीत हेच सांगत फिरतात की ग्रहणात टोचलं म्हणून पोरीच्या टाचेला भोक पडलं. आत्याबाई, मी डाव्या हाताचं बोट टोचलं होतं आणि खूण उजव्या टाचेला होती. तुमच्या हिशेबानेसुद्धा हे जुळत नाही.

मला याचा राग येतो तो टाचेमुळे नाही. माझ्या माहेरच्या आळीत एका मुलाचा ओठ दुभंगलेला होता. त्याच्या आईला प्रत्येक हळदीकुंकवात कोणी ना कोणी विचारायचं, "ग्रहणात काय चिरलं होतंस गं?" ती बाई नंतर हळदीकुंकवाला येईनाशी झाली. ओठ फाटण्यामागे घराण्यातला वारसा असतो, फिटवरची काही औषधं असतात, तंबाखू असते, दिवस जाण्याआधीपासूनचा मधुमेह असतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. विळी त्यात कुठेच नाही. 2020 च्या जूनमधल्या सूर्यग्रहणात इस्लामपूरच्या एका गरोदर बाईने अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांसमोर भाजी चिरून दाखवली होती. मला ती माझ्या सासूबाईंएवढीच मोठी वाटते.

आता जे राहिलं ते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली नसेल तर लगेच करून घे आणि डॉक्टरांना ओठ नीट पाहायला सांग. ओठ बहुतेक वेळा दिसतो, टाळू तितका नाही, त्यामुळे सोनोग्राफी म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे. तुमच्या दोघांच्या घरात कोणाला असं असेल किंवा तू फिटच्या गोळ्या घेत असशील तर तेही सांग. आणि समजा काही निघालंच, तर ओठाचं ऑपरेशन पहिल्या वर्षातच होतं, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफतही होतं. ग्रहणात ज्यांना जप करायचाय त्यांनी जरूर करावा, माझ्या सासूबाई अजून करतात. उपाशी राहणं, पाणी तोडणं आणि लघवी दाबून धरणं मात्र अजिबात नको. लघवी दाबून जंतुसंसर्ग झाला तर कळा लवकर सुरू होऊ शकतात.

तुझं बाळ जानेवारीच्या आसपास येईल. 3 मार्च 2026 ला, फाल्गुन पौर्णिमेला, पुन्हा चंद्रग्रहण आहे. तेव्हा "सुटेपर्यंत अंगावर पाजू नको" असं कोणीतरी म्हणेलच. बाळ रडलं की पाजायचं, आणि घरात तुझ्या बाजूने बोलणारं एक माणूस आत्तापासूनच तयार करून ठेव.