अमेरिकेतल्या कॉलेजची फुटबॉल टीम होम गेमची तयारी कशी करते? ही मुलं खरंच शिकतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, शिकतात.

तुम्ही लिहिलंय की भाचा तिकडे एमएस करतोय, कॉन्फरन्सचा (म्हणजे आपल्याच गटातल्या विद्यापीठाशी) सामना घरच्या मैदानावर असला की आठवडाभर गावात दुसरा विषय नसतो, आणि "ही मुलं नावालाच विद्यार्थी असणार ना?" ते 'नावालाच' वाचलं आणि राहवलं नाही. मी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस केलं आणि त्या काळात खेळाडूंची ट्यूटर होते. फुटबॉलची (आपला पायांनी खेळतात तो नव्हे, अमेरिकन फुटबॉल) मुलं माझ्यासमोर बसून प्रॉबॅबिलिटी शिकली आहेत. त्यांचं वेळापत्रक आम्हाला आधीच मिळायचं, कारण सराव, मीटिंग आणि लेक्चर यांच्या फटीतच आमचा तास बसवावा लागायचा.

साधारण आठवडा असा. शनिवारी सामना झाला की रविवारी कोणाला काय लागलंय ते बघायचं, बर्फ, उपचार, आणि कालच्या सामन्याची फिल्म. एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे आठवड्यात एक दिवस मोकळा द्यावाच लागतो, तो बऱ्याच ठिकाणी सोमवार. मंगळवार-बुधवार खरे घाम काढणारे. पूर्ण पॅड घालून सराव, आणि समोर स्काउट टीम. स्काउट टीम म्हणजे ज्यांना शनिवारी बहुधा मैदानात उतरायला मिळणार नाही ती मुलं. पुढचा प्रतिस्पर्धी जसा खेळतो तसं हुबेहूब खेळून ती आपल्याच टीमला सराव देतात. गुरुवारी ठरावीक प्रसंग: तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येकाला डाउन म्हणतात), गोललाइनजवळचे शेवटचे वीस यार्ड, घड्याळात दोनच मिनिटं उरलेली. शुक्रवारी अंगाला अंग न लावता सगळं एकदा चालून बघायचं आणि संध्याकाळी अख्खी टीम हॉटेलात. होम गेम असला तरी हॉटेलातच. स्वतःची खोली दहा मिनिटांवर असते, पण झोप, जेवण आणि मीटिंग कोचच्या नजरेखाली व्हावी म्हणून.

होम गेमचा खरा फायदा आवाजाचा. ए अँड एमचं स्टेडियम काइल फील्ड, त्याची क्षमता १,०२,७३३ आहे, आणि विद्यार्थी पूर्ण सामना उभे असतात. पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू घेऊन खेळी चालवणाऱ्याची, हाक शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून ते आठवडाभर मोठे स्पीकर लावून खुणांवर खेळायचा सराव करून येतात. घरच्या टीमचा तेवढा वेळ वाचतो. आपला चेंडू असला की हेच लाख लोक गप्प होतात, हे मला सुरुवातीला फार नवलाचं वाटलं होतं.

उभं राहण्यामागे गोष्ट आहे. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध सामना होता आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत गेले. ई. किंग गिल हा विद्यार्थी फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेलेला, त्या दिवशी वर पत्रकारांना खेळाडू ओळखून देत होता. कोचनं त्याला खाली बोलावलं. गिल गणवेश चढवून शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला, त्याला उतरायची वेळच आली नाही. सामना २२-१४ ने जिंकला. तेव्हापासून तिथला प्रत्येक विद्यार्थी 'बारावा खेळाडू', आणि तो बसत नाही.

आता मूळ मुद्दा. ऑक्टोबर २०१८, केंटकीविरुद्धच्या होम गेमचा आठवडा. केंटकी तेव्हा एकही सामना हरलेली नव्हती. माझ्याकडे एक मुलगा यायचा, वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी स्वतःची, टीममध्ये मात्र आहे. बुधवारी सराव संपवून रात्री आला. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, वरून प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेली, आणि टेबलाखाली त्यातून पाणी टिपकतंय. शुक्रवारी सकाळी त्याची मिडटर्म होती आणि कंडिशनल प्रॉबॅबिलिटी (एक गोष्ट घडली आहे असं धरून दुसरीची शक्यता काढणं) त्याच्या डोक्यात शिरत नव्हती.

त्या आठवड्यात स्काउट टीममध्ये त्याच्याकडे केंटकीच्या जॉश ॲलन या बचावपटूची नक्कल होती. हा ॲलन पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे नक्कल काय ताकदीच्या माणसाची करायची ते बघा. पोरानं वर्कशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला काड्या मारून हिशोब ठेवला होता: ॲलन सरळ क्वार्टरबॅकवर किती वेळा धावून येतो, मागे किती वेळा सरकतो. आणि मला विचारलं की तिसऱ्या डाउनला हा येणारच असं फिल्म बघून वाटतं, पण माझा आकडा इतका लहान का येतो?

मी कागद बघितला. तो सगळ्या स्नॅपनी, म्हणजे खेळल्या गेलेल्या एकूण एक खेळींनी, भागत होता.

मी म्हटलं, पहिला आणि दुसरा डाउन पुसून टाक. ते घडलेच नाहीत असं समज. आता फक्त तिसऱ्या डाउनचे स्नॅप मोज, आणि त्यातले तो धावून आला ते मोज. त्यानं पुन्हा काड्या मारल्या, भागाकार केला, आणि थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग वर्कशीट उलटवून पुस्तकातलं गणित स्वतः सोडवलं. पुढचंही सोडवलं. मी पेनाला हात लावला नाही. लावायची परवानगीच नसते. ट्यूटरनं खेळाडूच्या कागदावर एक शब्द लिहायचा नाही, त्याला गाडीतून सोडायचं नाही, साधी कॉफीसुद्धा पाजायची नाही. आमच्याच कॉन्फरन्समधल्या मिझुरी विद्यापीठात एका ट्यूटरनं १२ खेळाडूंचं काम करून दिलं, तर जानेवारी २०१९ मध्ये एनसीएएनं त्यांच्या फुटबॉल टीमला वर्षभर मोसमानंतरचे सामने खेळायला बंदी घातली.

शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्या वर्गाबरोबर पेपर दिला. होम गेम असल्यानं प्रवास नव्हता. बी ग्रेड मिळाला. शनिवारी ए अँड एमनं केंटकीला जादा वेळेत २०-१४ ने हरवलं आणि तो एक मिनिटही खेळला नाही. ह्या मुलाला 'नावालाच विद्यार्थी' म्हणणार असाल तर मला तुमच्याशी भांडावंच लागेल.

नियमही ऐका. मोसमात खेळासाठी आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास ही मर्यादा आहे. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तास धरतात, आणि उपचार, प्रवास यांची मोजदाद नाही, त्यामुळे प्रत्यक्षात मुलं त्यापेक्षा खूप जास्त राबतात. शिवाय मी असताना नियम असा होता की दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पुरा हवा, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. नाहीतर खेळायला बंदी. आणि विद्यापीठाच्या हजेरीच्या नियमात अधिकृत उपक्रमासाठीची गैरहजेरी माफ आहे असं लिहिलेलंच आहे. प्राध्यापकाला विनवण्या कराव्या लागत नाहीत.

हे वाक्य लिहिताना अजूनही पोटात कालवतं, का ते सांगते.

मी सातारा जिल्ह्यातली. शाळेपासून खो-खो खेळले, नडग्यांवर त्याच्या खुणा आहेत. बीएस्सीला असताना विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं होतं. त्याच दिवसांत प्रॅक्टिकल. क्रीडा शिक्षकांनी पत्र दिलं, मी ते विभागात नेऊन दिलं, स्पर्धेला गेले, खेळून आले. परत आल्यावर विभागप्रमुख म्हणाले, असलं काही पत्र आमच्याकडे आलेलं नाही. प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायला नकार. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, म्हणून टर्म ग्रँट नाही. मी ऑफिसच्या दारात उभी, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "खो-खो खेळून काय मिळणारे तुला? खेळ की शिक्षण, एक काय ते ठरव." आईनं बाजू घेतली, वडिलांनी सरांची. सहा महिने गेले. क्रीडा शिक्षक बिचारे तीन मजले चढ-उतर करत राहिले, पण त्यांचं कोण ऐकतं? आपल्याकडे जिमखान्याच्या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा शेवटची मिळते.

त्या 'एक काय ते ठरव'चं उत्तर मला कॉलेज स्टेशनच्या, म्हणजे ए अँड एमच्या गावातल्या, त्या टेबलावर मिळालं. ठरवायची गरज नसते. संस्थेनं दोन्हीची सोय करायची असते. वेळापत्रक, ट्यूटर, आधी पाठवलेलं पत्र, पुन्हा घेतलेली परीक्षा. एवढ्या चार गोष्टींना लाख लोकांचं स्टेडियम लागत नाही हो. आमच्या कॉलेजलाही ते जमलं असतं. इच्छा नव्हती. माझ्या वडिलांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यांच्याकडे पैसा आहे. पैशाचा काय संबंध? प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायला एक सहायक आणि एक दुपार लागते. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवून जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. त्या रात्री वडिलांनी आपणहून फोन केला. सरांचा नंबर माझ्याकडे असता तर मीही केला असता.

गावात आठवडाभर दुसरा विषय नसतो म्हणालात, तर ते वेड समजायला एकदा आत जाऊन उभं राहावं लागतं. शुक्रवारी मध्यरात्री हजारो लोक रिकाम्या मैदानासमोर नुसत्या आरोळ्यांचा सराव करायला जमतात, त्याला मिडनाइट येल म्हणतात. मी असताना विद्यार्थ्यांची तिकिटं सोमवारपासून वाटायचे, वरच्या वर्षाचे आणि पदव्युत्तर आधी, आणि मोठा सामना असला की मुलं आदल्या रात्री तंबू ठोकून रांग लावायची. २४ नोव्हेंबर २०१८ ला एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विरुद्ध सात जादा वेळांनंतर ७४-७२ असा निकाल लागला तेव्हा मी तिथे होते. एसईसीत, म्हणजे ह्या कॉन्फरन्समध्ये, आल्यापासून ए अँड एमनं एलएसयूला एकदाही हरवलं नव्हतं. थँक्सगिव्हिंगची सुट्टी, घरी जायला विमानाचे पैसे नाहीत, अशी आम्ही भारतीय मुलं जवळजवळ पाच तास उभी होतो. माझा आवाज दोन दिवस बसला होता. पुढच्या वर्षी जादा वेळेचे नियम बदलले, कारण इतका वेळ खेळवणं खेळाडूंच्या अंगावर येतं हे सगळ्यांना दिसलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल हिनं नुसती आरती ओवाळली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी तब्बल अठरा वर्षं नावापुरते कोर्स चालले, ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यात खेळाडू भरपूर होते. म्हणजे तुमची शंका हवेतली नाही. डोक्याला लागणाऱ्या माराची भीती खरी आहे, माझ्या मुलाला मी हा खेळ खेळू देणार नाही. आणि पैशाचं गणित विचित्र आहे: खेळाडूंना स्वतःचं नाव वापरून (जाहिराती वगैरे करून) कमवायची मुभा जुलै २०२१ मध्ये मिळाली, तोवर स्कॉलरशिप आणि थोडा खर्चाचा भत्ता एवढ्यावर भागवायचं. उलट २०२३ मध्ये ए अँड एमनं कोचला काढलं तेव्हा कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं लागलं. ते पाहून मलाही राग आला. मी शिकवलं ते एका विद्यापीठात, काही वर्षांपूर्वी. आता मुलांना थेट पैसे मिळतात, विद्यापीठं भराभर बदलता येतात, त्यामुळे टेबलावरचं चित्रही बदललं असणार.

भाच्याला सांगा, खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात ट्यूटरच्या जागेसाठी अर्ज कर. गणित आणि स्टॅट्स शिकवणारे त्यांना हवेच असतात, आणि एफ-१ व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं. तिकीट मिळत असेल तर एक तरी कॉन्फरन्सचा होम गेम विद्यार्थ्यांच्या बाजूला उभा राहून बघ म्हणावं.

आणि तुमच्या घरात इथल्या कॉलेजात खेळणारी कोणी मुलगी असेल तर माझं एक ऐका. जिमखान्याचं पत्र तोंडी विश्वासावर देऊ नका. स्पर्धेच्या तारखा, बुडणाऱ्या प्रॅक्टिकलच्या तारखा आणि ती पुन्हा कधी घेणार ते पत्रातच लिहून घ्या, प्राचार्यांची सही निघायच्या आधी घ्या, आणि विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घालून पोच घ्या. कोणी म्हणालं "पोच कशाला, आम्ही आहोत ना", तरी घ्याच.