घरात एकाला उलट्या-जुलाबाची लागण झाली की सगळ्यांनाच होते का? बाकीच्यांना वाचवायचं कसं?

सगळ्यांनाच होते असं नाही. आमच्याकडे ही साथ दोनदा येऊन गेली. पहिल्या वेळी पाचातले चार आडवे झाले, दुसऱ्या वेळी फक्त एक. विषाणू बहुतेक तोच असावा, आम्ही मात्र पहिल्या वेळी धडा घेतला होता. मी डॉक्टर नाही, दोन्ही वेळा बादली धरणारा बाप आहे, त्या नात्याने लिहितो.

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या मुलीला काल रात्रीपासून उलट्या होतायत, घरात दीड वर्षाचा धाकटा आहे, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत आणि तुम्ही सकाळपासून सगळीकडे सॅनिटायझर मारताय. सुरुवात त्या सॅनिटायझरपासूनच करू, कारण माझीही पहिली चूक तीच होती.

मुलगा रात्री दीडला उठून म्हणाला, "बाबा, कसंतरी होतंय," आणि मी काही बोलायच्या आत चादर, उशी, माझा खांदा आणि खालची सतरंजी, सगळं एकदम. मी झोपेतच हाताला लागला तो टॉवेल घेतला, पुसलं, टॉवेल कपड्यांच्या ढिगात टाकला, हाताला सॅनिटायझर चोळला आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात झोपलो. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाकही मीच केला. दुसऱ्या दिवशी रात्री बायको, तिच्या पाठोपाठ मी, आणि पाचव्या दिवशी आई.

मोठ्यांना आणि शाळकरी मुलांना होणाऱ्या अशा झटपट उलट्या-जुलाबांमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. १९६८ साली अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली, १९७२ मध्ये त्या नमुन्यांतला विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. अगदी लहान बाळांत रोटाव्हायरसही असतो. धाकट्याला रोटाची लस मिळाली असेल तर तेवढी एक काळजी कमी, पण ती लस नोरोवर चालत नाही. घरच्या घरी कोणता विषाणू आहे ते कळत नाही आणि कळून फारसा फरकही पडत नाही, वागायचं एकाच पद्धतीने.

आता सॅनिटायझर का चालत नाही ते. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही, नुसतं प्रथिनाचं टणक कवच, त्यामुळे अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही. साबणसुद्धा त्याला मारत नाही, साबण त्याला हातावरून सुटा करतो आणि वाहतं पाणी घेऊन जातं. म्हणजे चोळणं आणि वाहतं पाणी, काम या दोघांचं. निदान २० सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा धरून. बादलीत हात बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे. लागण व्हायला या विषाणूचे मोजून काही डझन कण पुरतात आणि आजारी माणसाच्या उलटी-विष्ठेत ते अब्जावधी असतात, तेव्हा "जवळजवळ स्वच्छ" हातांचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली: उलटी जिथे पडलेली दिसते तेवढ्यातच ती नसते. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका हॉटेलात १२६ जण जेवायला बसले असताना एका बाईंना टेबलाशीच उलटी झाली. नंतर तपास झाला तेव्हा दिसलं की त्यांच्या टेबलावरचे जवळपास सगळे आजारी पडले, शेजारच्या टेबलांवरचे त्याहून कमी, आणि लांब बसलेल्यांत सगळ्यात कमी. म्हणजे बारीक तुषार हवेत उडतात आणि आसपास बसतात. हे वाचल्यावर मी आमची खोली आठवली. मुलाच्या पलंगापासून दोन हातांवर पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता, उघडा.

म्हणून उलटी झाली की पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. बाकीच्यांना, विशेषतः रांगत्या-चालत्या धाकट्याला, दुसऱ्या खोलीत पाठवा. खिडकी उघडा. हातमोजे आणि तोंडाला मास्क. आधी कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने घाण उचला, पिशवीत घालून तोंड बांधा. मगच ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण). हा क्रम उलटा करू नका, घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचतच नाही. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली हे दरवाजाच्या कड्या, नळ, फ्लशचं बटण, दिव्यांची बटणं यांना पुरतं. जिथे प्रत्यक्ष उलटी पडली तिथे जास्त कडक लागतं, लिटरला १०० मिलीपर्यंत. चारही बाजूंनी हातभर जास्त जागा घ्या, ओलं करून निदान पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग पाण्याने पुसा. मिश्रण रोज ताजं करा. आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. घाईत, रात्री दोन वाजता, माणूस नेमकं हेच करतो.

कपडे झटकायचे नाहीत. मलाही चादर झटकून दुमडायची सवय, पण इथे ती महागात पडते. तशीच गुंडाळी करून वेगळी धुवा, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात, आणि पूर्ण कडक वाळवा. सतरंजी आम्ही शेवटी टाकूनच दिली.

दुसऱ्या वेळी आजारी पडली मुलगी, आणि आम्ही काम वाटून घेतलं, माझ्या मते खरा फरक याने पडला. मुलीचं सगळं मी करायचं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. स्वयंपाक, भांडी, आईचं ताट बायकोकडे, आणि तिने मुलीच्या खोलीत यायचं नाही. दोन संडास असतील तर एक आजारी माणसाचा. आमच्याकडे एकच, मग प्रत्येक वेळेनंतर बटण, कडी, नळ पुसायचे. तेही ठरवून मीच. सगळ्यांनी थोडं थोडं सगळं करायचं म्हटलं की प्रत्येकाचे हात थोडे थोडे घाण होतात. तुमच्याकडे मुलीचं तुम्ही करत असाल तर धाकट्याला भरवणं आणि सासूबाईंचं जेवण दुसऱ्या कुणाकडे द्या. दुसरं कुणी नसेल तर निदान आधी धाकटा आणि सासूबाई, मग मुलगी, हा क्रम ठेवा आणि मध्ये हात धुवा.

(काही लोकांना ही लागण होतच नाही. माझा मेहुणा दोन्ही वेळा आमच्याकडे राहून गेला, त्याला काही नाही, आणि "आपलं पोट दगडाचं" म्हणून अजून मिरवतो. काहींच्या आतड्याच्या अस्तरावर हा विषाणू ज्या शर्करेला पकडून बसतो ती जन्मतःच नसते, त्यामुळे नोरोच्या नेहमीच्या प्रकारांपासून ते सुटतात. दगडबिगड काही नाही.)

आता मुलीकडे वळू. उलटीनंतर ती पाणी मागेल, आणि तुम्हाला वाटेल पोरगी सुकली, पेलाभर देऊ. पेलाभर दिलं की पुढच्या पाच मिनिटांत ते बाहेर येतं, वर पोर अजून दमतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग चहाचा एक चमचा ओआरएस, दोन मिनिटांनी दुसरा. मी घड्याळ समोर ठेवून बसलो होतो. ५ मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी म्हणजे तासाला १५० मिली, आणि त्यातलं बहुतेक पोटात राहतं. कंटाळवाणं आहे, पण त्या रात्री औषध म्हणून याच्याइतकं कामाचं दुसरं काही नव्हतं.

नुसतं पाणी का नको? कारण जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि आतडं मीठ आणि ग्लुकोज एकत्र आले की दोन्ही ओढून घेतं, त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. आजारात आतड्याची ही वाट बऱ्याच अंशी शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. म्हणून पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकणं हे मी स्वतः केलंय आणि ते चूक आहे, मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. थंड पेयं आणि फळांचे गोड रस देऊ नका, त्यातली जादा साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. धाकट्याला लागण झालीच आणि तो अंगावर पीत असेल तर ते बंद करू नका. उलट्या थांबून भूक लागली की साधं नेहमीचं जेवण द्यायचं, उपाशी ठेवण्याने काही साधत नाही.

अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग शून्य. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना अजिबात नाही. मुलांना झिंक देतात, त्याचं आणि उलटीच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा.

आणि घरी न थांबता डॉक्टरांकडे जायचं कधी: आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल, बाळाची टाळू आत गेलेली, पोर उठवूनही पेंगतंय, उलटी हिरवी, शौचात रक्त, किंवा चमचाचमचाही टिकत नाही. सासूबाईंच्या बाबतीत तर त्याच्याही आधी फोन करा. या वयात तहान नीट जाणवत नाही, आणि रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या काही गोळ्या जुलाब चालू असताना तशाच घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांनीच सांगायला हवं. आमच्या आईची लघवीची गोळी आम्ही पहिल्या वेळी चालूच ठेवली होती. पाचव्या दिवशी ती उठून उभी राहिली ती तशीच खाली बसली.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १२ ते ४८ तास लागतात, आणि आजार एक ते तीन दिवसांत उतरतो. फसवणूक इथेच होते. मुलगी परवा उड्या मारायला लागेल आणि घर सैल पडेल. पण शेवटच्या उलटी-जुलाबानंतरचे पहिले ४८ तास तिच्याकडून लागण व्हायची भीती भरपूर असते, शौचातून तर विषाणू पुढे दोन आठवडे किंवा जास्तही जात राहतो. त्या ४८ तासांत शाळा नाही, आणि मोठं कुणी आजारी पडलं तर त्याने स्वयंपाक करायचा नाही, कितीही बरं वाटलं तरी. वेगळा टॉवेल त्यानंतरही काही दिवस चालू राहू द्या. आमची मुलगी तिसऱ्या दिवशी आजीच्या ताटात हात घालायला निघाली होती, आईने तिचा हात वरच्यावर पकडून तिला नळाकडे पिटाळलं.

आज रात्रीसाठी एवढं करून ठेवा: मुलीच्या उशाशी झाकणाची बादली, गादीवर प्लास्टिक आणि वर जुनी चादर, दाराबाहेर हातमोजे आणि पिशव्या, ब्लीचची बाटली मुलांच्या हाताला न लागेल अशी उंच, आणि धाकट्याची दुधाची बाटली त्या खोलीतून बाहेर. मोठ्यांपैकी एकाला रात्री दोनपर्यंत झोपू द्या, मग पाळी बदला.